हेल्वीच्या केकात गहू नव्हता!

"या वेळी मी सगळ्यांना असं फसवणार आहे, असं फसवणार आहे, की ऑर्वोक्की वन्संना मरेपर्यंत पत्ता लागायचा नाही!"

हे वाक्य हेल्वीने भर स्वयंपाकघरात, कमरेवर हात ठेवून, मिक्सरला ऐकवलं. मिक्सरला अशासाठी, की नवऱ्याला सांगण्यात अर्थ नव्हता. वेइक्को तसा घुम्या माणूस. दिवसाला दहा-बारा शब्दांत त्याचं भागायचं. पण ते दहा-बारा शब्द नेमके खरे असायचे, हीच तर पंचाईत! त्यात ऑर्वोक्की त्याची थोरली बहीण. तिने नुसतं "काय रे वेइक्को?" म्हणून डोळे वटारले, की तो पहिलीत असताना चोरलेल्या पेन्सिलीपासून सगळं कबूल करायला लागायचा.

तर हेल्वीचा बेत काय होता, ते सांगण्याआधी तिचं दुखणं सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला गहू, राय आणि बार्ली बंद केली. एक कणसुद्धा चालायचा नाही म्हणाले. ज्या घरात शंभर वर्षं दर शनिवारी रायचा काळा पाव भाजला गेला, त्या घरच्या सुनेला हे ऐकावं लागलं! पण हेल्वीने हूं की चूं केलं नाही. लाटणी बदलली, चाळण्या बदलल्या, टेबलाएवढा लाकडी पोळपाट शेजारच्या मुलांना बर्फावरच्या घसरगुंडीला देऊन टाकला. आजाराबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती ताटलीबद्दल.

आमच्याकडे बारसं असो नाहीतर मयत, कॉफीचं टेबल मांडल्याशिवाय माणूस ना जगात येत, ना जगातून जात. त्या टेबलाच्या कोपऱ्यात एक छोटी ताटली असते. तिच्यावर चार-पाच तुकडे आणि एका तुकड्यात खोचलेली काडी. काडीवर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर 'G'. म्हणजे यात ग्लुटेन नाही, ज्यांच्या पोटाला गहू सोसत नाही त्यांनी हे घ्यावं. पद्धत चांगली आहे. नाही कोण म्हणतंय?

पण दुसरीही एक पद्धत आहे. आमच्याकडे टेबलापाशी पहिलं कुणी जात नाही. पहिलं जाणारा हावरट! यजमानीण तीनदा म्हणते, "घ्या ना, गार होतंय." सगळे तीनदा खिडकीबाहेरचं तळं बघतात. मग एखाद्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजीला पुढे ढकलतात, आणि तिच्यामागे वयाप्रमाणे रांग लागते. हेल्वी जन्माची संकोची. ती रांगेत शेवटची. ती पोचेपर्यंत त्या ताटलीवर काय उरलेलं असायचं? काडी!

आणि खाल्लं कुणी, तर ज्यांना गव्हाचा मैदा पोत्याने पचतो अशा लोकांनी! त्यात सगळ्यांत पुढे ऑर्वोक्की वन्सं. वय बहात्तर, पचन घोड्याचं. "पोटाला हलकं असतं गं हे," असं म्हणत दोन तुकडे उचलायच्या, आणि वर हेल्वीच्याच खांद्यावर हात ठेवून विचारायच्या, "तू काहीच घेतलं नाहीस? बिचारी!" चार वर्षांत हेल्वीने असे तेवीस समारंभ नुसत्या काळ्या कॉफीवर काढले होते. तेवीस! तिने मोजले होते.

आणि आता आली होती साठी. आमच्याकडे साठी भरली की माणूस गावच्या पेपरात दोन ओळी छापून आणतो. एक तर 'त्या दिवशी प्रवासात आहे', म्हणजे मी पडदे ओढून घरातच बसलेलो आहे, कृपा करून येऊ नका. किंवा मग 'शनिवारी दुपारी दोनपासून घर उघडं आहे'. वेइक्कोचं मत प्रवासाच्या बाजूने होतं. हेल्वीने घर उघडं ठेवलं.

बेत साधा होता. टेबलावर सात जिन्नस मांडायचे. साल्मन लावलेला थराथरांचा सँडविच-केक, तांदळाची खीर भरलेल्या पुऱ्यांएवढ्या चपट्या पेस्ट्र्या, वेलदोड्याचे बन, तीन प्रकारची बिस्किटं आणि मधोमध स्ट्रॉबेरीचा मोठा केक. सातच्या सात बिनगव्हाचे! आणि चिठ्ठी कशालाच नाही! कुणाला सांगायचंच नाही. सगळे नेहमीसारखे खातील, आणि हेल्वी आपली शेवटी सावकाश ताटली घेऊन येईल, सगळ्यांसारखा, सगळ्यांच्यात बसून, त्याच केकचा एक तुकडा खाईल. बास! साठ वर्षांच्या बाईने मागून मागून मागितलं काय, तर एक तुकडा केक. तोही स्वतःच केलेला!

आता ज्यांनी कधी बिनगव्हाचा केक केला नाही, त्यांना वाटेल यात काय मोठं? अहो, गव्हाच्या पिठाला घराणं असतं. पाणी घातलं की सगळे एकमेकांना धरून राहतात. तांदळाचं पीठ, बटाट्याचं सत्त्व आणि मक्याचं पीठ एकत्र केलं, की मात्र ग्रामपंचायत होते. कुणाचा कुणाला धरबंध नाही. त्यांना बांधून ठेवायला लागतो इसबगोल. हो, तोच! लोक ज्याच्यासाठी घेतात तो. पिठात घातला की फुगतो, चिकटतो आणि पंचायत एकमताने वर येते.

पहिला केक सोमवारी बसला. असा बसला की उठलाच नाही. तो हेल्वीने बटाट्याच्या वाफ्यात पुरला. दुसरा मंगळवारी मधोमध खचला. तोही पहिल्याशेजारी गेला. इसबगोल कमी पडतोय हे तिच्या लक्षात आलं, तोवर घरातला संपला होता, आणि गावातल्या दुकानात शिल्लक शून्य. ती सायकल काढून औषधाच्या दुकानात गेली.

"सहा डबे द्या."

"सहा?" काउंटरवरच्या मुलीने तिच्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. "बाई, दिवसाला एक चमचा पुरतो. डॉक्टरांना दाखवलंत का?"

"सहाच द्या," हेल्वी ठासून म्हणाली. मागे वळली तर रांगेत तायमी उभी! तायमी म्हणजे आमच्या आरोग्य केंद्राची नर्स. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण गावाची नाडी अजून तिच्याच हातात. तायमीने डब्यांकडे पाहिलं, हेल्वीच्या पोटाकडे पाहिलं, आणि हवेबद्दल बोलायला लागली. आमच्याकडे कुणाची खासगी गोष्ट तोंडावर कधी विचारत नाहीत. घरोघर जाऊन, हळू आवाजात, काळजीने विचारतात.

गुरुवारी केक जमला. असा जमला की हेल्वीने ओव्हनच्या काचेला हात जोडले. मग पुरावा नष्ट करायचं काम! पिठांची सगळी पाकिटं तिने सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या दर शनिवारी तापवायच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत घातली. धूर बघून वेइक्को अंगणात आला.

"सौना? आज गुरुवारी?"

"हो."

"बरं," वेइक्को म्हणाला आणि होडीला रंग द्यायला गेला.

शनिवारी दोनला पाच मिनिटं कमी असताना अंगणात चिटपाखरू नव्हतं. कारण सगळे एक वाजून चाळीस मिनिटांपासून वळणावर गाड्यांत बसून घड्याळं बघत होते. दोनच्या ठोक्याला एकेचाळीस माणसं एकदम आत आली. साठीला काय आणतात? फुलं आणतात, कॉफीचे कप आणतात, फार तर टॉवेल. पण त्या दिवशी ज्याने त्याने हेल्वीच्या हातात फुलांबरोबर आणखी एक पिशवी दिली. आणि देताना तिचा हात दाबला.

पिशवीत सुके आलुबुखार. दुसऱ्या पिशवीत आलुबुखारांचा मुरंबा. तिसऱ्या पिशवीत जवस. ऑर्वोक्की वन्संनी तर सुक्या आलुबुखारांची पाच लिटरची बरणी आणली होती.

"स्वतः केलेत गं," त्या कानाशी लागल्या. "रात्री भिजत घाल. आणि धीर सोडू नकोस."

"कसला धीर?"

"मला काही सांगू नकोस!" वन्संनी डोळे मिटून मान हलवली. "बायकांना बायकांचं कळतं."

हेल्वीला ओ की ठो कळेना. साठी म्हणजे काय आलुबुखारांची असते? पण विचार करायला वेळ कुठे होता? कॉफीची दुसरी किटली उतू जात होती. तिने तीनदा "घ्या ना, गार होतंय" म्हटलं, लोकांनी तीनदा तळं पाहिलं, आणि रांग लागली.

काय सांगू! चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे उर्पो मास्तर पहिला घास घेऊन नुसते थांबलेच.

"हेल्वीबाई!" ते म्हणाले. "गव्हाचा केक म्हणतात तो हा! चार वर्षं ते G लावलेलं भुसकट खाऊन जीभ मेली होती माझी."

हेल्वीने किटली खाली ठेवली. म्हणजे मास्तर, तुम्हीसुद्धा? देवाच्या दारात बसून? पण आतून तिला गुदगुल्या होत होत्या. त्याच भुसकटाच्या भावंडाला मास्तर गव्हाचं म्हणत होते! लोक दुसऱ्यांदा घेत होते. वेलदोड्याचे बन तर डोळ्यांदेखत आटले. फसले! सगळेच्या सगळे फसले!

इकडे ऑर्वोक्की वन्संनी टेबलाला एक प्रदक्षिणा घातली. मग उलटी घातली. मग चष्मा लावून तिसरी.

"G ची ताटली कुठाय?" त्या पुटपुटल्या. आता खरं सांगायचं तर ताटली त्या स्वतःसाठीच शोधत होत्या. पण सापडली नाही तेव्हा त्यांना भावजयीचा एकदम कळवळा आला. हेल्वी स्वयंपाकघरात तिसरी किटली चढवत होती. वन्संनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या भावाला गाठलं.

"काय रे वेइक्को? बायकोची साठी, आणि तिच्या तोंडात घालायला टेबलावर एक तुकडा नाही? एकेचाळीस माणसांसाठी मर मर मरली ती, आणि स्वतःला काही केलं नाही! तुला लाज नाही वाटत?"

"मला माहीत नाही," वेइक्को म्हणाला. हेही खरंच होतं.

"गाडी काढ! शहरात जा. मोठ्या दुकानात फ्रीजरमध्ये G चे बन मिळतात. घेतल्याशिवाय परत येऊ नकोस!"

शहर अडतीस किलोमीटर. वेइक्कोने टोपी घातली. हेल्वीने खिडकीतून गाडी जाताना पाहिली.

"हा कुठे निघाला?"

"येईल आत्ता," वन्सं गूढ हसल्या. त्या हसल्या की काहीतरी वाईट होतं, हे हेल्वीला पस्तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. पण त्या क्षणी तिचं लक्ष केककडे होतं. सगळ्यांचं दोनदा घेऊन झालं होतं आणि केक अजून तिसरा हिस्सा शिल्लक होता. तिची पाळी आली होती!

तिने ॲप्रन काढला. केस सारखे केले. ताटली घेतली. एक चांगला जाड तुकडा कापला, वरच्या स्ट्रॉबेरीसकट. खुर्ची ओढून ती अगदी सगळ्यांच्या मधोमध बसली. चमचा भरला, तोंडापाशी नेला...

"हे-ल्वी!!"

ऑर्वोक्की वन्सं बहात्तराव्या वर्षी सोफा ओलांडून आल्या. बाजूने नव्हे, वरून! चमचा उडाला. ताटली तायमीने वरच्यावर झेलली. केकचा तुकडा उर्पो मास्तरांच्या मांडीवर उघड्या पडलेल्या भजनाच्या पुस्तकात पालथा झाला.

"गिळलंस का?" तायमीने तिचं मनगट पकडलं. "जीभ दाखव! किती खाल्लंस?"

"काही नाही! खाऊ कुठे दिलंत?"

"देवाने वाचवलं," मास्तर पुस्तक पुसत म्हणाले.

"अहो सोडा मला! यात गहू नाहीये!" हेल्वी ओरडली. "कशातच गहू नाहीये! सगळं बिनगव्हाचं आहे!"

 लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ताटल्यांकडे. मग पुन्हा हेल्वीकडे, आणि त्या नजरेत इतकी दया होती की हेल्वीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"होतं असं," तायमी हळूच म्हणाली. "चार वर्षं मन मारलं की माणूस स्वतःचीच समजूत घालतो."

"मी कशाला समजूत घालू? मी केलाय तो!"

"हेल्वी, अगं, मी काय आज केक खातेय?" वन्सं म्हणाल्या. "तीन तुकडे खाल्ले मी. इतकं चांगलं बिनगव्हाचं होतच नाही!"

आता यावर माणसाने काय बोलावं, तुम्हीच सांगा! आयुष्यात पहिल्यांदा वन्संनी हेल्वीच्या हाताला चांगलं म्हटलं, आणि तेसुद्धा तिला खोटं पाडण्यासाठी!

"आणि पोटाची ही अवस्था असताना गहू खातेस?" तायमीने आवाज चढवला. "आम्ही बोललो नाही म्हणून आम्हाला काय कळत नाही? सहा डबे इसबगोल!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुणीतरी खिडकीबाहेरचं तळं बघायला लागलं. तेव्हा कुठे हेल्वीच्या डोक्यात प्रकाश पडला. पाच लिटरची बरणी! जवस! सगळं पोट साफ व्हायला! धीर सोडू नकोस! संतापाने तिचा चेहरा वरच्या स्ट्रॉबेरीसारखा झाला.

"माझ्या पोटाला काहीही झालेलं नाही! ते सहाच्या सहा डबे मी केकात घातलेत!"

एकेचाळीस तोंडं चावता चावता थांबली.

"केकात?" मास्तरांनी विचारलं. "या केकात?"

"आणि बनमध्ये. आणि पेस्ट्र्यांमध्ये."

"मी चार बन खाल्ले," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले. प्रत्येकाचा हात आपोआप आपापल्या पोटावर गेला.

"अहो, काही होत नाही त्याने! त्या G च्या ताटलीत नेहमी तोच असतो! गेली चार वर्षं तुम्ही सगळे तेच खाताय! मला एक कण न ठेवता!"

हे शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. पण निघालं. आणि निघालं ते बरंच झालं, असं मला वाटतं. पण गाव म्हणजे गाव. जे ऐकायचं ते सोडून भलतंच ऐकलं.

"पाकिटं दाखव," वन्संनी हात पुढे केला. "पिठाची पाकिटं. म्हणजे संशय नको."

"जाळली."

"जाळली?"

"सौनात."

"का?"

"तुम्हाला कळू नये म्हणून!"

"काय कळू नये म्हणून?"

"की यात गहू नाही!"

"मग आता ओरडून का सांगतेयस?"

 या प्रश्नाला उत्तर होतं. नक्की होतं. पण ते सांगायला तेवीस समारंभ मागे जावं लागलं असतं.

अखेर उर्पो मास्तर उठून उभे राहिले. "मी हेल्वीबाईंना चाळीस वर्षं ओळखतो," ते म्हणाले. "भजनमंडळात त्या कधी खोटा सूर लावत नाहीत. त्या म्हणतात गहू नाही, तर नाही!" हेल्वीला वाटलं, उठून यांच्या पाया पडावं. तेवढ्यात मास्तरांनी ताटलीतला उरलेला घास तोंडात टाकला, जिभेवर घोळवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तरीच! मघापासून म्हणतोय, दाताखाली काहीतरी रवाळ लागतंय."

"मास्तर! मघाशी तुम्ही म्हणालात..."

"तेव्हा मला गहू वाटला होता."

झालं! खोलीचे सरळ दोन तट पडले. मास्तरांच्या बाजूच्या लोकांनी हेल्वीवर विश्वास ठेवला आणि ताटल्या बाजूला सारल्या. कोरडा आहे म्हणाले, वाळूसारखा लागतो म्हणाले, एकजण तर म्हणाला घशाला चिकटतोय. वन्संच्या बाजूच्या लोकांनी तिला सरळ खोटारडी ठरवलं आणि केकवर तुटून पडले. वा, काय मऊ झालाय, गव्हाची सर कशाला नाही, असं म्हणत त्यांनी बोटं चाटली. हेल्वी मधोमध उभी! खरी ठरायचं तर केक वाईट, आणि केक चांगला ठरवायचा तर ती खोटी. कुठल्या बाजूने भांडायचं हेच तिला कळेना. म्हणून ती दोन्ही बाजूंशी भांडली.

"मऊच आहे तो! आणि बिनगव्हाचाच आहे! आणि मला त्याचा एक तुकडा हवाय! सगळ्यांबरोबर बसून! चार वर्षं झाली हो मला तुमच्यात बसून काही खाऊन!"

  ऑर्वोक्की वन्संच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी हेल्वीचं डोकं आपल्या छातीशी धरलं.

"बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "किती जीव अडकलाय बिचारीचा गव्हात!"

तायमीने मग निकाल दिला. उद्या सकाळी येऊन हेल्वीची तब्येत बघायची. ठीक असली तर गहू नव्हता, बिघडली तर होता. कुणीतरी विचारलं, पण तिने खाल्लंच नाही तर उद्या काय कळणार? तायमी म्हणाली, बरोबर आहे. मग खाऊ द्यायचं का? छे, खाऊ कसं देणार, गहू असला तर? यावर तासभर चर्चा झाली. तेवढ्यात गाडी वाजली.

वेइक्को आत आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक बन. गोठलेला, दगडासारखा. वर ठसठशीत G. एकेचाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या! हेल्वीला टेबलाच्या अग्रभागी बसवण्यात आलं. बनमध्ये मेणबत्ती खोचायचा प्रयत्न झाला, पण मेणबत्ती मोडली. सगळे उभे राहून वाढदिवसाचं गाणं म्हणाले, आणि साठ वर्षांची हेल्वी एका बाजूने वितळलेला, एका बाजूने बर्फ असलेला दुकानातला बन दाढेखाली धरून कुरतडत बसली. "खा, खा," वन्सं पाठीवरून हात फिरवत होत्या. "निर्धास्त खा." हेल्वीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, आनंदाने.

पाचला सगळे गेले. वन्सं उरलेला केक बरोबर न्यायचं म्हणत होत्या, भावजयीच्या सुरक्षिततेसाठी. हेल्वीने ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. थोडी ओढाताण झाली. शेवटी वन्संनी नाद सोडला.

"वेइक्को, लक्ष ठेव हिच्यावर!"

"बरं," वेइक्को म्हणाला.

दार लागलं. जूनचं ऊन अजून लख्ख होतं. हेल्वी टेबलाशी बसली होती, समोर केकचा उरलेला पाव हिस्सा आणि अकरा पिशव्या आलुबुखार. वेइक्कोने टोपी काढली.

"गहू आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि दोन ताटल्या घेऊन आला.

हेल्वीला रडू कोसळलं. एकेचाळीस माणसांना जे ओरडून पटलं नव्हतं, ते याला एका शब्दात पटलं होतं! तिने पहिला तुकडा खाल्ला तो चव बघायला. मऊ होता. अगदी मऊ! दुसरा खाल्ला तो खात्री करायला. रवाळ? कुठे रवाळ? मास्तरांना काय कळतं! तिसरा मास्तरांच्या नावाने खाल्ला, चौथा तायमीच्या. पाचवा तिने ऑर्वोक्की वन्संचं नाव घेऊन, वर जास्तीचं क्रीम थापून, अक्षरशः सूड म्हणून खाल्ला. वेइक्कोने तीन खाल्ले आणि "चांगला झालाय" म्हणाला. ताट चाटूनपुसून स्वच्छ झालं. हेल्वीला साठ वर्षांत इतकं समाधान वाटलं नव्हतं.

आता सकाळपासून उपाशी पोट, त्यात अर्धा गोठलेला बन, त्यावर अर्धा लिटर क्रीम आणि हातचं न राखता घातलेला इसबगोल. कुणाचंही काय होईल? यात गव्हाचा काही संबंध आहे का? काडीचाही नाही!

पण सकाळी सातला दार वाजलं तेव्हा दारात वन्सं आणि तायमी उभ्या होत्या. दोघींनी रविवारचे कपडे घातले होते.

"कसं वाटतंय?" तायमीने विचारलं.

"ठणठणीत!" हेल्वी म्हणाली. दाराची चौकट तिने दोन्ही हातांनी धरली होती, आणि चेहऱ्यावरचं हसू दातांनी.

"घाम आलाय तुला."

"उकडतंय."

"बारा अंश आहे," वन्सं म्हणाल्या. पोटातून आवाज आला. हेल्वी मोठ्याने खोकली. "कॉफी घेणार?" तिने विचारलं. दोघी म्हणाल्या, घेऊ की, आणि खुर्च्या ओढून शांतपणे तळं बघत बसल्या. तायमीने मनगटावरचं घड्याळ सरळ केलं.

हेल्वीने किटली भरली. कप मांडले. साखर ठेवली. मग साखरेचं भांडं तिथेच टाकून ती बाथरूमच्या दाराकडे धावली. दार आतून बंद!

"वेइक्को!"

"वेळ लागेल," आतून वेइक्कोचा आवाज आला. तो खरं तेच बोलायचा.

हेल्वी झगा सावरत अंगणात पळाली, बटाट्याच्या वाफ्यावरून, सौनाला वळसा घालून, थेट सौनामागच्या जुन्या लाकडी संडासापर्यंत. कडी लावून बसते न बसते, तोच फळ्यांच्या फटीतून वन्संचा आवाज स्वच्छ ऐकू आला. त्या मागोमाग अंगणात आल्या होत्या.

"तायमे, मी काय म्हणत होते? गहूच होता!"

"नव्हता!" हेल्वी आतून गरजली. "तुमची शपथ, गव्हाचा कण नव्हता!"

पण संडासात बसून केलेल्या विधानाला गावात कोण किंमत देतं?